बंद फाटकाखालून आलेल्या विलासला

जरीपटका, नागपूर
रविवार, दुपार

विलास,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. तू मला प्रिय नाहीस. ‘कैलासवासी’ लिहावं तर तेवढा मान तुला द्यायची माझी इच्छा नाही. आणि अहो-जाहो म्हणशील तर ते मी सुरुवातीला करून पाहिलं. पण जो माणूस चौदा महिने न विचारता माझ्या घरात येतो, दाढी करताना आरशात दिसतो, जेवायला बसलो की ताटासमोर उभा राहतो, त्याला किती दिवस अहो म्हणायचं? तेव्हा तूच.

उद्या सकाळी मी कळमेश्वरला तुझ्या घरी येतोय. तुझ्या बायकोने बोलावलंय. तिथे भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो असेल, खाली तुझी आई बसली असेल, कोणी तरी चहा आणून देईल. त्या घरात बसून तुला शिव्या कशा देणार? म्हणून आजच इथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून देऊन घेतो. माझ्या डॉक्टर मॅडम कधीच्या म्हणत होत्या, ज्याच्यावर राग आहे त्याला नाव घेऊन एकदा लिहा. त्यांना वाटलं असेल, अर्ध्या पानात उरकेल.

तू मला ओळखत नाहीस. मी नरेश, मालगाडीचा ड्रायव्हर. कागदावर आता लोको पायलट लिहितात, पण माझे बाबाही रिटायर होईपर्यंत गाडीच चालवत होते आणि आमच्या घरात ड्रायव्हर हाच शब्द चालतो. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात, दुपारी अडीचच्या सुमाराला, कोळशाचे रिकामे डबे घेऊन मी इटारसीकडून नागपूरला येत होतो. तू मोटरसायकलवरून एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला निघाला होतास. मधे फाटक होतं.

आणि ते बंद होतं, विलास! हे मी मोठ्या अक्षरात लिहितोय. फाटक बंद झाल्याशिवाय मला हिरवा सिग्नल मिळत नाही. दोन्हीकडे माणसं थांबली होती. एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन थांबली होती, तिलाही उशीर होत असेलच ना? तू मात्र हेल्मेट आरशाला लटकवलंस, गाडी तिरपी केलीस आणि दांड्याखालून घुसलास. पाच मिनिटं वाचवून काय करणार होतास तू कंपनीत? पंच आधी मारणाऱ्याला बक्षीस होतं का?

तुझं पुढचं चाक रुळाच्या कडेच्या फटीत अडकलं. मी हॉर्न दाबला आणि ब्रेक टाकला. तू गाडी सोडून बाजूला पळालास. एवढं मी स्वतः पाहिलं. माझ्या तोंडून ‘सुटला’ असा शब्दही निघाला होता. आणि मग तू परत फिरलास. सुटलेला माणूस परत फिरतो का रे? रिकामी असली तरी मालगाडी आहे ती, रिक्षा नाही, की समोर कोणी आला म्हणून जागच्या जागी थांबेल.

मग मी डोळे मिटून घेतले. निदान नंतर सगळ्यांना मी तसंच सांगितलं.

आमच्यात तशी पद्धतच आहे. माझ्या असिस्टंटनेही डोळे मिटले होते. नवीन माणूस इंजिनाच्या कॅबमध्ये आला की जुने लोक त्याला ब्रेकच्या आधी हे शिकवतात. मला बाबांनी शिकवलं, मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात, अंगणात खाटेवर बसून. “माणूस समोर आला का हॉर्न दाबून धराचा अन् डोळे मिटाचे. तोंड पाहू नको गा त्याचं. तोंड पाहिलं का तो घरी येते.” अपघातानंतर साहेबांना द्यायचा मेमो कसा लिहायचा तेही त्यांनीच शिकवलं. एक इसम अचानक गाडीसमोर आला, हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, गाडी थांबण्याआधी धडक झाली. चार वाक्यं. पाचवं लिहिलं की प्रश्न सुरू होतात.

मीही चारच लिहिली. पोलिसांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तो परत फिरला आणि मी डोळे मिटले, पुढचं माहीत नाही. त्यांनी मान डोलावली. सगळे ड्रायव्हर तेच सांगतात.

तीन दिवस सुट्टी झाली आणि मी पुन्हा ड्यूटीवर गेलो. निघताना बाबांनी लाल कपड्यात बांधलेला नारळ दिला. त्या फाटकावरून जाताना खिडकीतून टाकायचा आणि म्हणायचं, भाऊ, तुझं माझं काही देणंघेणं नाही. मी टाकला. म्हटलं. नारळ बहुतेक कोणा शेळीवाल्याच्या घरी गेला असेल, कारण तुझ्यावर त्याचा काही परिणाम झालेला दिसला नाही!

त्याच आठवड्यात वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, वरणाचा कुकर लावला आणि पहिल्या शिट्टीला मी हातातलं ताट फेकून ओट्याखाली शिरलो. दोघंही आधी हसलो. चौथ्यांदा असं झाल्यावर तिने काही न बोलता कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागली. एक वर्ष तिने डाळ पातेल्यात शिजवली, विलास. गॅस किती जातो माहीत आहे का तुला?

जरीपटक्याच्या बाजारात जाणं सुटलं. तिथे दर चार पावलांवर कोणी तरी हॉर्न दाबून धरतो. माझे कान, माझी पाठ, माझे हात, सगळे तुझ्या नावाने नाचायला लागायचे. घाम फुटायचा. भाजीवाल्याला वाटायचं, साहेबांना हार्ट अटॅक येतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना? फाटकाखालून घुसलास तू आणि भर बाजारात थरथरत उभा मी.

कॅबमध्ये तर विचारूच नको. समोर फाटक दिसलं की हात आपोआप ब्रेकवर. एकदा तर तू मला रुळात उभा दिसलास, पक्का दिसलास, आणि मी गाडी थांबवली. समोर काहीच नव्हतं. असिस्टंट माझ्याकडे पाहत राहिला. त्याला म्हटलं, कुत्रा होता. त्याने ते मानलं, पण पुढच्या स्टेशनपर्यंत स्वतःचा हात ब्रेकजवळ ठेवला.

त्या दिवसापासून मी आजारी पडलो, म्हणजे कंबरदुखीने. तुला सांगतो, आमच्यात सगळ्यांची कंबरच दुखते. कंबर दुखली तर माणूस पुन्हा गाडीवर जातो. डोक्याचं काही निघालं तर गाडी चालवायची मेडिकल कॅटेगरी जाईल, खुर्चीत बसवतील, लोक मागून हळूच काही तरी बोलतील, ही भीती. ही भीती खरी की खोटी हे विचारायलासुद्धा कोणी डॉक्टरांकडे जात नाही. बेल्ट बांधतात आणि गप्प बसतात. मीही बेल्ट बांधला. धडधाकट कंबरेवर चार महिने बेल्ट!

बाबांचं म्हणणं एकच होतं. “तू त्याचं तोंड पाहिलं. म्हणून हे होऊन राहिलं.” मी म्हणायचो, नाही पाहिलं. ते म्हणायचे, मग येते काहून तो? त्यांनी एका माणसाकडे नेऊन दंडाला काळा दोरा बांधवला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळीने झोप यायची, पण तू गोळीचं ऐकणाऱ्यांतला नव्हतास.

मग कोणी तरी एका समुपदेशकाचं नाव सांगितलं. फ्लॅटच्या हॉलमध्ये बसायचा, मागे भिंतीवर पाच-सहा सर्टिफिकिटं, सगळी दोन-दोन दिवसांच्या शिबिरांची. त्याने मला सोफ्यावरची उशी दिली आणि म्हणाला, हिलाच विलास समजा, मिठी मारा, म्हणा मी तुला क्षमा केली. मी उशीकडे पाहिलं. तिच्यावर मोर भरलेला होता. क्षमा? मी ती उशी खिडकीतून टाकणार होतो, पण खाली लोकांच्या गाड्या होत्या. घरी आलो तो आणखी बिघडून आलो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

हे सगळं मी सहन केलं असतं, विलास. कंबरेचा बेल्ट बांधून रिटायरमेंटपर्यंत काढलं असतं. पण आर्या.

आर्या माझी मुलगी, आठ वर्षांची. मागच्या मे महिन्यात आम्ही एका बागेत गेलो होतो. तिकिटाच्या खिडकीपाशी रांगेसाठी लोखंडी दांडा लावलेला असतो ना, ती सगळ्या मुलांसारखी वाकून त्याखालून पलीकडे गेली. हसत गेली. आणि मी तिला मारलं. एक नाही. तीन. कानाखाली. लोक धावत आले, एकाने माझा हात धरून ठेवला. ती रडलीसुद्धा नाही, नुसती पाहत राहिली माझ्याकडे. त्यानंतर मी खोलीत आलो की ती दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जायची. मी विचारलं, बेटा काहून जातेस? तर म्हणायची, अभ्यास आहे. आठ वर्षांच्या पोरीला माझ्याशी खोटं बोलायची वेळ आली! यासाठी मी तुला कधी सोडणार नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर वैशालीने माझा बेल्ट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. म्हणाली, “कूलर घ्याचा असला तं चार दुकानं फिरता तुम्ही. मोटर कोणती, पंखा कोणता, सारं विचारता. अन् डॉक्टर काहून कोणी सांगन तोच?” मग वही घेऊन बसली. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, कोणाला काय विचारायचं ते तिला नीट कळतं. एकेका दवाखान्यात फोन लावून तिचे तेच प्रश्न. शिक्षण काय तुमचं? अपघात पाहिलेल्या माणसांवर उपचार केलेत का? कोणत्या पद्धतीने करता? किती दिवसांनी फरक कळतो, आणि नाही कळला तर काय? दोघांनी चिडून फोन ठेवला. तिने त्यांच्या नावावर काट मारली. धरमपेठेतल्या एका मानसोपचार तज्ज्ञांनी मात्र सगळी उत्तरं दिली आणि वर म्हणाले की औषधाचं मी पाहीन, पण या कामाचं खास शिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम आमच्याकडे आहेत, मुख्य उपचार त्या करतील.

मॅडमसुद्धा मला पहिल्या दिवशी आवडल्या नाहीत. चाळिशीच्या, शांत, टेबलावर पाण्याची बाटली. त्यांनी सांगितलं की याला नाव आहे, हा आजार आहे, आणि यावर उपचार आहे. म्हणाल्या, तुमच्या डोक्याने ती दुपार अजून झालेल्या गोष्टींत जमा केलेली नाही, त्याच्या लेखी ती चालूच आहे, म्हणून शिट्टी वाजली की तुम्ही तिथे पोचता. मी म्हटलं, मॅडम, ते मला माहीत आहे, मी रोज जातो. माझ्या बोलण्यात किती विष होतं ते त्यांच्या लक्षात आलं असणार. पण त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचाच मला राग आला.

आणि उपचार काय, तर डोळे मिटून बसायचं आणि ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. झालं असं नाही, होतंय असं. सिग्नल हिरवा आहे, फाटक दिसतंय, असं. सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून. ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं! दुसऱ्या वेळेस मी उठून बाहेर आलो. ज्याला विसरायचं त्याला रोज पाट मांडून जेवायला बसवायचं, ही कसली ट्रीटमेंट? बाहेर बाकावर वैशाली होती. तिने पर्समधून आर्याचा फोटो वगैरे काढला नाही. ती फक्त म्हणाली, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आहे, ती वाया घालवू नका. मी परत आत गेलो.

तेव्हापासून दर मंगळवारी मी तुला त्या खोलीत मारत होतो. दर मंगळवारी तू दांड्याखालून यायचास, चाक अडकायचं, मी हॉर्न दाबायचो, तू सुटायचास, परत फिरायचास. आणि तिथे मी थांबायचो. म्हणायचो, आणि मी डोळे मिटतो.

सहाव्या मंगळवारी मॅडम म्हणाल्या, जिथे सगळ्यात जड जातं तिथे जरा हळू जाऊ. तो परत फिरतोय, पुढे काय? मी बोलत गेलो. तो हँडल धरतोय. दोन्ही हातांनी. एक पाय रुळावर रोवलाय. दात-ओठ खाऊन ओढतोय. चाक निघत नाहीये. तो वर बघतोय.

मॅडम म्हणाल्या, “नरेशजी, डोळे मिटलेले होते, तर हे कोणी पाहिलं?”

मी पाहिलं, विलास. मी डोळे मिटले नव्हते. शेवटपर्यंत उघडे होते. मी तुझं तोंड पाहिलं आणि बाबांना, पोलिसांना, साहेबांना, वैशालीला, सगळ्यांना सांगितलं की पाहिलं नाही. कारण पाहिलं म्हटलं असतं तर बाबा म्हणाले असते, भोग आता. मी त्या खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो. त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं नाही. पाणी दिलं आणि श्वास जागेवर येईपर्यंत बसवून ठेवलं.

आणि तुझा तो चेहरा! इतके महिने मला वाटत होतं तू मला काही तरी म्हणतोयस. दोष देतोयस. हात जोडतोयस. पुढचे कित्येक मंगळवार तो चेहरा पुन्हा पुन्हा पाहिल्यावर कळलं, असं काहीच नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर वैताग होता. बस. रांगेत कोणी मधे घुसलं की माणूस जसं तोंड करतो तसं. ‘आता हे कुठून आलं’ असं. सहा हजार अश्वशक्तीचं इंजिन अंगावर येतंय आणि तू वैतागतोस? तू मला पाहिलंसुद्धा नाहीस. तुझी नजर इंजिनावरून पुन्हा त्या चाकाकडे गेली.

घरी ते रेकॉर्डिंग मी संध्याकाळी गच्चीवर ऐकायचो. एक दिवस इअरफोन बिघडले म्हणून आवाज मोठा लावला. बाबा कधी येऊन मागे बसले कळलं नाही. पूर्ण ऐकलं त्यांनी. मला वाटलं आता नारळ, दोरा, तोंड पाहिलंस, सगळं निघणार. ते एवढंच म्हणाले, “मले तं कोणी विचारलंच नाही गा कधी.” मग म्हणाले, डोळे मिटल्यावर आवाज जास्त ऐकू येते. बत्तीस वर्षं हा माणूस गाडी चालवत होता, आणि रोज आंघोळीला एक तास का लावतो म्हणून आम्ही त्याला हसायचो. त्यांच्यावरही मी चिडलोच. तुम्हाला माहीत होतं की डोळे मिटून काही होत नाही, मग मला का शिकवलंत? चार दिवसांनी चहा पिताना त्यांनीच विचारलं की त्या मॅडम म्हाताऱ्यांना घेतात का. आता त्यांचा गुरुवार असतो.

मी बरा होतोय, हे तुला सांगायला जिवावर येतं. कुकर माळ्यावरून खाली आलाय. पहिल्या शिट्टीला मान अजून वळते, पण ताट हातातच राहतं. आर्या माझ्या खोलीत अभ्यास करते, दाराच्या बाजूला बसून, पण करते. गेल्या महिन्यात मी रेल्वेच्या डॉक्टरांना खरं सांगितलं, कंबर नाही साहेब, डोकं आहे. त्यांनी शांतपणे सगळे कागद पाहिले. सध्या लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर हजेरी लावतात त्या ऑफिसात, खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या ड्यूट्या लावतो. पुन्हा गाडीवर जाईन की नाही ते अजून ठरायचंय. इतकी वर्षं जिला घाबरत होतो ती खुर्ची, खरं सांगू, थोडी टोचते, एवढंच.

उपचारातलं शेवटचं काम होतं त्या फाटकावर जाऊन उभं राहायचं. वैशाली सोबत होती. फाटक बंद झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत तिघं मोटरसायकलवाले दांड्याखालून गेले! त्याच जागेवरून! एकाच्या मागे तर बायको होती आणि बायकोच्या मांडीवर लेकरू. मी एवढा ओरडलो की गेटमन बाहेर आला. रेल्वेगाडी निघून गेली. मी उभा राहिलो, पळालो नाही. मग गेटमनला सांगितलं मी कोण ते. तो म्हणाला, “त्याची बायको येते इथं कधीमधी. ड्रायव्हर कोण होता म्हणून विचारते. मी काय सांगू?” वैशालीने आपला नंबर लिहून दिला.

दोन दिवसांनी तुझ्या बायकोचा, सविताचा फोन आला. मी घेतला नाही, हिंमत झाली नाही. वैशाली बोलली आणि फोन स्पीकरवर ठेवला. तुझ्या मागे काय झालंय ते तुला माहीत आहे का? फाटकावरच्या लोकांनी सांगितलं की माणूस रुळातून बाहेर आला होता आणि स्वतःहून परत गेला. पलीकडचे हॉर्न ऐकून पळाले होते, अलीकडच्यांना मागून फक्त तुझी पाठ दिसली. ड्रायव्हर म्हणाला मी डोळे मिटले. झालं, गावाने ठरवून टाकलं की विलासने जीव दिला. तुझी आई सुनेशी बोलत नाही. आणि सविता वैशालीला म्हणाली, “ताई, त्यायनं जीव देल्ला का, एवढंच सांगा. त्या दिवशी मीच म्हटलं होतं, माझ्या भावाची गाडी नेऊन राहिले, तिले काही झालं तं घरी येऊ नका.”

म्हणजे गाडी मेहुण्याची होती. म्हणून परत फिरलास तू!

पंधरा हात अंतरावरून तुझं तोंड पाहणारा जगात एकच माणूस, आणि त्याने चार वाक्यं लिहून तुझ्या बायकोला चौदा महिने त्या खड्ड्यात ठेवलं. तुझ्यावरच्या रागात हा राग कसा बसवायचा? तो बसत नाही. तो माझ्याच नावाचा आहे.

या मंगळवारी मॅडमना विचारलं, काय सांगू तिला? जीव दिला नाही म्हटलं तर सुटेल. पण मग विचारेल परत का फिरले. गाडीसाठी म्हटलं तर तिचेच शब्द तिच्या गळ्यात पडतील. तेवढं गाळून सांगू का? मॅडम म्हणाल्या, गाळलं की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि म्हणाल्या, सांगून निघून येऊ नका, ती बोलेपर्यंत बसा.

तर आता शब्द देतो. तुला क्षमा करण्याचा नाही, ते डोक्यातून काढून टाक. कोणी बंद फाटकाखालून वाकताना दिसला की मी तुझ्या नावाने बोटं मोडणार, मरेपर्यंत मोडणार. शब्द सवितासाठी देतोय. उद्या मी तिला चार वाक्यं सांगणार नाही. पहिल्यापासून सगळं सांगेन. फाटक बंद होतं, चूक तुझी होती, हेही सांगेन. तुझे दोन्ही हात हँडलवर होते, तू वैतागला होतास, मरायला निघालेला माणूस असा चाक ओढत बसत नाही, हे सांगेन. पोलिसांसमोर पुन्हा जबाब द्यावा लागला तर देईन, पहिला खोटा होता म्हणून. तिचे हात माझ्यासारखे थरथरत असतील तर धरमपेठेचा पत्ता देईन आणि पहिल्या दिवशी वैशाली तिच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसेल.

आणि ती विचारणारच, माझ्या बोलण्यामुळेच ना? तेव्हा मी नाही म्हणणार नाही. म्हणेन, हो ताई, त्यामुळेच फिरला असेल. तुम्ही म्हणाला होता गाडीला काही झालं तर घरी येऊ नका, आणि त्याला घरी यायचं होतं.

नरेश
त्या मालगाडीचा ड्रायव्हर